मासा थर्मासमध्ये आढळून आला

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात गेल्या बावीस वर्षांत कोणीही काहीही केलेलं नव्हतं. यावरून तिथे कामं होत नव्हती, असा अर्थ कोणी काढू नये. कामं भरपूर होत. तक्रारी नोंदवल्या जात, त्यांची दखल घेतली जाई, पाहणी करण्यात येई आणि यथावकाश प्रकरण बंद करण्यात येई. फक्त हे सगळं नखं वाढतात तसं, आपलं आपण घडे. मध्ये माणूस म्हणून कोणी सापडत नसे.

हे कर्तृत्व मसुदेरावांचं. मसुदेराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राचा मसुदा त्यांच्या हातचा, म्हणून कोणीतरी कधीतरी ते नाव चिकटवलं आणि गोंद चांगला निघाला. पत्रव्यवहार इंग्रजीत चाले, आणि इंग्रजीत एक फार मोठी सोय आहे हे मसुदेरावांनी नोकरीच्या पहिल्याच महिन्यात हेरलं होतं. ‘आय ब्रोक द पाइप’ असं लिहिलं की लिहिणारा अडकतो. तेच वाक्य कुशीवर वळवून ‘द पाइप वॉज ब्रोकन’ असं लिहिलं, की अडकला तर पाइप अडकतो. ज्यानं फोडला तो वाक्याच्या मागच्या दारानं घरी जाऊन जेवायला बसलेला असतो. शाळेत याला पॅसिव्ह व्हॉइस म्हणतात आणि पाच मार्कांना विचारतात. मसुदेरावांनी त्यावर संसार उभा केला होता.

कार्यालयात या कलेला ‘फिरवून देणं’ म्हणत. एकदा चुकीच्या गल्लीत तीन दिवस खड्डा खणला गेला होता. खणणाऱ्यांचा मुकादम पडेल चेहऱ्यानं मसुदेरावांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “तेवढं फिरवून द्या ना.” मसुदेरावांनी चष्मा पुसला आणि लिहिलं, की खोदाई करण्यात आली, पाइप नसल्याची खातरजमा करून घेण्यात आली आणि खड्डा बुजवण्यात आला. मुख्यालयानं उलट खातरजमेबद्दल समाधान व्यक्त केलं. समाधान कोणी व्यक्त केलं हे मुख्यालयानंही लिहिलं नव्हतं.

एवढा गुणी माणूस, पण बसायचा कुठे? स्वच्छतागृहाच्या दाराशी. आत जाणाऱ्या प्रत्येकानं दार ओढलं की त्याची कड मसुदेरावांच्या कोपराला लागे. बावीस वर्षांत कोपर इतकं शहाणं झालं होतं, की कॉरिडॉरमध्ये घाईची पावलं वाजली की ते आपोआप वर उचललं जाई. समोर, अगदी नाकासमोर, मुख्य लिपिकाची खोली होती. खोलीला खिडकी होती. खिडकीला दोन झडपा होत्या. दाराला आतून कडी होती. आधीचे मुख्य लिपिक चार महिन्यांपूर्वी निवृत्त झाले, तेव्हापासून ती खोली रिकामी होती आणि मसुदेराव रोज दुपारी तिच्याकडे, लोक हलवायाच्या दुकानाकडे बघतात तसे बघत.

आता मंगळवारचं सांगायला हवं.

मसुदेरावांना डॉक्टरांनी अंडं बंद केलं होतं. डॉक्टरांनी एकदाच सांगितलं. बायकोनं ते रोज सांगितलं. म्हणून गेली सहा वर्षं मसुदेराव कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन अंडी घेत, मोज्यांच्या जास्तीच्या जोडीत एकेका मोज्यात एकेक घालत आणि मोजे पिशवीत ठेवत. पायांना घाम फार येतो, म्हणून जास्तीचे मोजे लागतात, असं त्यांनी घरी सांगून ठेवलं होतं. दुपारी सगळे कँटीनमध्ये गेले की ते रेकॉर्ड रूममध्ये शिरत, जुन्या तक्रारींच्या गठ्ठ्यामागे लपवलेली हॉटप्लेट काढत आणि अंडी उकडत. कार्यालयात विजेच्या शेगड्या वापरण्यास मनाई आहे, असं परिपत्रक त्याच खोलीच्या दाराला लावलेलं होतं. त्याचा मसुदा अर्थातच त्यांचा. वापरण्यास मनाई करण्यात येत आहे, एवढंच त्यात होतं. कोणाला, ते नव्हतं.

त्या मंगळवारी अंडी पाण्यात पडली आणि साहेबांची हाक आली. साहेब जेवायला निघाले होते. जाता जाता त्यांनी एक कागद मसुदेरावांच्या हातात कोंबला. “अकरा दिवस नळाला पाणी नाही म्हणतोय हा गृहस्थ. तिसरं पत्र आहे. जरा फिरवून द्या, आत्ताच्या आत्ता.”

मसुदेराव टेबलाशी बसले. आता हलक्या हाताचा कारागीर असता तर दोन मिनिटांत ‘मॅटर इज बीइंग लुक्ड इन्टू’ लिहून मोकळा झाला असता. पण पहिल्या पत्राला तेच उत्तर गेलं होतं. दुसऱ्याला ‘अंडर अ‍ॅक्टिव्ह कन्सिडरेशन’ गेलं होतं. तिसऱ्याला त्याहून पुढचं, तरी कुठेच न पोचणारं काहीतरी हवं होतं. मसुदेराव त्या शोधात वीस मिनिटं रमले. अखेर त्यांना सुचलं. ‘नेसेसरी स्टेप्स आर बीइंग आयडेंटिफाइड.’ आवश्यक पावलं ओळखली जात आहेत! स्वतःवर खूश होऊन त्यांनी शेवटचं टिंब दिलं, आणि रेकॉर्ड रूममध्ये पहिलं अंडं फुटलं.

दुसरं फुटलं तेव्हा ते दारात होते. भांड्यातलं पाणी केव्हाच आटलं होतं, हॉटप्लेट लाल झाली होती आणि शेजारचा गठ्ठा पेटला होता. ज्वाळा वरच्या फळीकडे निघाल्या होत्या. वरच्या फळीवर शहरभर जमिनीखालून गेलेल्या नळांचे नकाशे होते. दुसरी प्रत कुठेच नव्हती. ती काढण्यात यावी असं मसुदेरावांनीच नऊ वेळा लिहिलं होतं.

ते नळाकडे धावले. नळाला पाणी नव्हतं. पाणीपुरवठा कार्यालयाच्या नळाला चार दिवस पाणी नव्हतं, आणि त्याची तक्रार त्यांच्याच विभागात दखल घेतली जाऊन पडली होती. भिंतीवरचं लाल अग्निशामक नळकांडं त्यांनी ओढून काढलं, खटका दाबला. नळकांड्यानं दुपारच्या जेवणानंतर माणूस सोडतो तसा एक सुस्कारा सोडला आणि ते गप्प झालं.

मग मसुदेरावांना साहेबांच्या खोलीतली काचेची पेटी आठवली.

तीत साहेबांचा मासा होता. एकच, नारिंगी, बटाट्याएवढा. साहेब त्याच्याशी बोलत आणि तो कधीही उलट उत्तर देत नसल्यामुळे खात्यात त्याचं वजन होतं. मसुदेरावांनी चहाची गाळणी घेतली, माशाला उचललं, साहेबांच्या थर्मासमधल्या गार पाण्यात सोडलं, झाकण नुसतं टेकवलं आणि अख्खी पेटी पोटाशी धरून धावत नेऊन आगीवर रिकामी केली. भस्सकन आवाज झाला. आग विझली. दोन शंख आणि एक खेळण्यातला पाणबुड्या राखेत पडले.

एवढं सगळं नऊ मिनिटांत झालं. त्यांनी हॉटप्लेट फडक्यात गुंडाळून स्वच्छतागृहाच्या माळ्यावर टाकली, रिकामी पेटी होती तिथे नेऊन ठेवली आणि कोपर उचलून जागेवर बसले.

साहेब जेवून आले, थर्मास उघडून कपात पाणी ओतलं आणि न बघता ओठाला लावलं.

किंकाळी जावक खिडकीपर्यंत ऐकू गेली.

मग धावपळ, वास, राख, सगळे जमा. साहेबांनी मासा दोन्ही हातांनी छातीशी धरलेला, म्हणजे कप धरलेला. “अहवाल!” ते ओरडले. “मुख्यालयाला आजच अहवाल जायला हवा! मसुदेराव!”

मसुदेराव बसले आणि त्यांनी आयुष्यातला सर्वोत्तम मसुदा लिहिला. धूर दिसून आला. आग तात्काळ विझवण्यात आली. नकाशे सुरक्षित राखण्यात आले. घटनास्थळी दोन अंडाकृती वस्तू जळालेल्या अवस्थेत मिळून आल्या. काचेची पेटी रिकामी करण्यात आल्याचं दिसून आलं. मासा थर्मासमध्ये आढळून आला, त्याची प्रकृती समाधानकारक आहे.

जावकबाईंनी तो जावक वहीत चढवताना चष्म्यावरून बघितलं. बाहेर जाणारं प्रत्येक पत्र त्यांच्या खिडकीतून जाई, म्हणून त्या जावकबाई. आत येणारी प्रत्येक बातमीही त्यांच्याच खिडकीतून येई.

“मसुदेराव, बाह्या ओल्या आहेत तुमच्या.”

“ओल्या झाल्या आहेत.”

“आणि खिशातून गाळणी डोकावतेय.”

मसुदेरावांनी गाळणी आत ढकलली. जावकबाईंनी शिक्का मारला. “माझं काय जातंय म्हणा. सहा वर्षं त्या खोलीतून वास येतोय. मला वाटायचं, जुन्या तक्रारी नासल्यात.”

पुढच्या सोमवारी अहवाल परत आला. समासात लाल पेन्सिलीनं चार ठिकाणी एकच प्रश्न होता: ‘बाय हूम?’ आग विझवण्यात आली, बाय हूम? नकाशे राखण्यात आले, बाय हूम? पेटी, बाय हूम? मासा, बाय हूम? शेवटचा प्रश्न दोनदा अधोरेखित होता. सोबत पत्र. शहराचे एकमेव नकाशे वाचवणाऱ्या कर्मचाऱ्याला मुख्य लिपिकाच्या रिकाम्या जागेवर बसवायचं ठरलं आहे. त्याचं नाव कळवावं. खात्री करायला मुख्यालयातून अहवाल तपासणाऱ्या मॅडम शुक्रवारी स्वतः येत आहेत.

मसुदेरावांनी ते पत्र तीनदा वाचलं. खिडकी, दोन झडपा, आतून कडी. नुसतं नाव सांगायचं. पण नाव सांगितलं की मॅडम विचारणार, पेटी का घेतलीत? नळाला पाणी नव्हतं म्हणून. आग कशानं लागली? आणि तिथून पुढे हॉटप्लेट, अंडी, मोजे, परिपत्रक, साहेबांचा मासा आणि सगळ्यात शेवटी घर. ज्यानं विझवली त्यानंच लावली होती, हीच मोठी पंचाईत. त्या अहवालातून त्यांनी गुन्हेगाराला इतक्या सफाईनं बाहेर काढलं होतं, की त्याच्याबरोबर नायकही निघून गेला होता.

जागा रिकामी दिसली की माणसं येतातच. मंगळवारी सकाळी भांडारवाले खोलीची खिडकी टेपनं मोजताना दिसले. बादल्या, झाडू, शाई, अग्निशामक नळकांडी असं सगळं ज्यांच्या ताब्यात असतं ते हे भांडारवाले.

“काय मोजताय?” मसुदेरावांनी विचारलं.

“पडद्याचं माप घेतोय.” भांडारवाल्यांनी टेप खटकन आत सोडली. “आग मी विझवली ना.”

“तुम्ही?”

“दुसरं कोणी सांगतंय का? नाही ना? मग मीच. आमचा मेहुणा इंग्रजीच्या शिकवण्या घेतो, त्यानं झकास लिहून दिलंय. प्रत्येक वाक्य ‘आय’नं सुरू! आय सॉ, आय रॅन, आय एक्स्टिंग्विश्ड. मसुदेराव, तुमचं ते गोल गोल लिहिणं जुनं झालं बघा. जमाना ‘आय’चा आहे.”

त्याच क्षणी कोणीतरी घाईनं स्वच्छतागृहात शिरलं आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मसुदेरावांचं कोपर उचलायचं राहिलं.

घरी लेक जेवणाच्या टेबलावर वह्या पसरून बसली होती. तिला परवा इंग्रजीची चाचणी होती आणि धडा नेमका हाच होता.

“बाबा, हे बघ बरोबर आहे का. ‘समवन हॅज स्टोलन माय पेन.’ याचं ‘माय पेन हॅज बीन स्टोलन बाय समवन.’”

“‘बाय समवन’ खोड. गरज नाही.”

“का पण?”

“चांगलं दिसत नाही.”

“चांगलं दिसायचा काय संबंध? आमच्या बाईंनी तीन नियम दिलेत.” तिनं बोटं पुढे केली. “‘बाय’ कधी गाळायचं? कर्ता माहीत नसेल तेव्हा. कर्ता महत्त्वाचा नसेल तेव्हा. आणि कर्ता इतका उघड असेल, की सांगायची गरजच नाही तेव्हा. नाहीतर लिहायचं. तू कुठल्या नियमानं गाळतोस?”

“आमच्याकडे चौथा नियम आहे,” मसुदेराव म्हणाले.

लेकीनं त्यांच्या पिशवीतून अहवालाची प्रत ओढली आणि मोठ्यानं वाचायला लागली. “‘द फायर वॉज एक्स्टिंग्विश्ड.’ बरं. हा कर्ता कुठल्या नियमातला? माहीत नसलेला, का महत्त्वाचा नसलेला?”

मसुदेरावांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. “जेवून घे आधी,” ते म्हणाले.

आतून बायको आली. तिच्या हातात मोजे होते, चिमटीत, लांब धरलेले. “अहो, या मोज्यांना धुराचा वास कसा?”

“वास लागला गेला असेल.”

“सरळ बोला.”

“गेल्या आठवड्यात कार्यालयात आग लागली होती.”

“मोजे पिशवीत होते ना?”

“पिशवी ठेवण्यात आली होती तिथे...”

“यांना काहीतरी झालंय,” बायको लेकीला म्हणाली आणि मोजे भिजवायला गेली.

त्या रात्री मसुदेरावांनी अंथरुणावर पडून मनातल्या मनात एक वाक्य रचायचा प्रयत्न केला. सुरुवातीचं ‘आय’ डोळ्यांसमोर यायचं, एकटं, ताठ, आजूबाजूला एकही अक्षर नाही, उघड्या मैदानात उभ्या केलेल्या खांबासारखं. त्याच्यामागे लपायलासुद्धा जागा नव्हती. ते वाक्य पुरं व्हायच्या आधीच त्यांना झोप लागली गेली.

शुक्रवारी मॅडम आल्या. बुटक्या, कामाला पक्क्या, हातात तीच लाल पेन्सिल. साहेबांच्या खोलीत सगळ्यांना उभं केलं. मासा आता एका लोणच्याच्या रिकाम्या बरणीत होता आणि बाहेरच्या माणसांकडे संशयानं बघत होता.

“प्रत्येकानं एक वाक्य लिहायचं,” मॅडम म्हणाल्या. “आग लागली त्या मंगळवारी दुपारी तुम्ही काय केलंत. ‘आय’नं सुरुवात. बस्स.”

कागद वाटले गेले. शिपायानं लिहिलं, ‘द डोअर वॉज ओपन्ड.’ साहेबांनी लिहिलं, ‘द फिश वॉज ऑलमोस्ट कन्झ्यूम्ड.’

“साहेब,” मॅडम म्हणाल्या, “हा मासा कोण पिणार होतं?”

“ते चौकशीत निष्पन्न होईल,” साहेब म्हणाले. सवयच तशी.

जावकबाईंनी मात्र ठसठशीत अक्षरात ‘आय वॉज अ‍ॅट लंच’ असं लिहिलं होतं. “मला ‘आय’ म्हणायची भीती नाही,” त्या म्हणाल्या. “मी काही केलेलंच नाही.”

मग भांडारवाल्यांनी घसा साफ करून मेहुण्याचा कागद वाचला. आय सॉ द फायर. आय रॅन. आय लिफ्टेड द एक्स्टिंग्विशर. आय एक्स्टिंग्विश्ड द फायर. शेवटी त्यांनी किंचित वाकून नमस्कारही केला.

“शाब्बास!” मॅडमना खरंच बरं वाटलेलं दिसलं. “कुठल्या नळकांड्यानं? आणा बघू.”

नळकांडं आणण्यात आलं. म्हणजे, शिपायानं आणलं. मॅडमनी खटका दाबला. त्यानं सुस्कारा सोडला. त्याच्या गळ्यातल्या चिठ्ठीवर शेवटचं भरल्याची तारीख होती, नऊ वर्षांपूर्वीची, आणि खाली भांडारवाल्यांची सही होती.

“हे रिकामं आहे.”

“ते... विझवताना वापरलं गेलं,” भांडारवाले म्हणाले.

“काटा नऊ वर्षं शून्यावर गंजलाय. भरून का नाही घेतलंत?”

“भरून घेण्याचं योजण्यात आलं होतं, मॅडम.” भांडारवाल्यांचं ‘आय’ विरघळून गेलं होतं. “मागणी नोंदवण्यात आली होती. पाठपुरावा करण्यात... मसुदेरावांना विचारा, तेच फिरवून द्यायचे!”

मॅडमनी पेन्सिल कानामागे खोचली. “ठीक. म्हणजे कोणीच विझवली नाही. मी तसं लिहिते, आग कंटाळून विझली. आणि ती रिकामी खोली कोणाला लागतच नसेल तर खिडकी विटांनी बुजवून रेकॉर्ड तिकडे हलवू. निदान जळायला झडपा तरी नसतील.”

खिडकी. विटांनी.

मसुदेरावांचा कागद अजून कोरा होता. त्यांनी पेन टेकवलं. खांब उभा केला. ‘आय’. हात पुढे गेला. ‘आय एक्स्टिंग्विश्ड द फायर.’ इथे थांबायला हवं होतं, पण बावीस वर्षांचं साठलेलं होतं. बांध फुटला की पाणी कुठे थांबतंय. आय बॉइल्ड टू एग्ज. आय हॅव बीन बॉइलिंग देम फॉर सिक्स इयर्स. आय हिड द हॉटप्लेट. आय टुक साहेब्ज अ‍ॅक्वेरियम. आय लिफ्टेड द फिश विथ द टी-स्ट्रेनर. आय डिड नॉट क्लीन द स्ट्रेनर बिफोर द फोर ओ’क्लॉक टी. इथे खोलीतल्या तिघांनी नकळत घशाला हात लावला, कारण मॅडम मागे उभ्या राहून मोठ्यानं वाचत होत्या. आणि शेवटी, कोणी विचारलं नसताना: अकरा दिवस पाणी नसलेल्या माणसाच्या तिन्ही पत्रांना मी उत्तर दिलं. मी काहीच पाहिलं नाही. मी कुठलीही पावलं ओळखत नव्हतो.

दीड पान झालं होतं. शाई संपली म्हणून ते थांबले.

“तुम्ही?” साहेबांचा आवाज चिरका झाला. “माझ्या माशाला? गाळणीनं?”

“हो साहेब. हळूच धरला.”

साहेबांनी बरणीकडे बघितलं. माशानं नेहमीप्रमाणे उलट उत्तर दिलं नाही.

मॅडमनी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. “आग लावलीत, त्याबद्दल हॉटप्लेट जप्त, आणि खुलासा लेखी द्यायचा. तो तुम्ही दिलाच आहे, भलताच दिलाय. नकाशे वाचवलेत, त्याबद्दल खोली तुमची. दोन्ही एकाच माणसाचं, त्याला माझा इलाज नाही. आणि त्या पाणी नसलेल्या माणसाच्या घरी उद्या कोण जाणार?”

सगळ्यांच्या ओठांवर ‘पाहणी करण्यात येईल’ येऊन थबकलं होतं.

“मी,” मसुदेराव म्हणाले. हे ‘मी’ तोंडी होतं, तरी तितकंच जड गेलं.

“आणि माझ्या माशाचं काय?” साहेब म्हणाले. “या खोलीत आता त्याला भीती वाटते. थर्मास दिसला की तळाशी जातो.”

त्याचाही निकाल लागला. हुकूम तिथल्या तिथे टाइप झाला आणि जावकबाईंनी नोंदवताना त्यातलं एक वाक्य दोनदा वाचलं, कारण तसलं वाक्य त्या खिडकीतून याआधी कधी गेलं नव्हतं. नवी पेटी मुख्य लिपिकाच्या खोलीत ठेवण्यात येईल, आणि ‘द फिश शॅल बी फेड डेली बाय द हेड क्लार्क.’

“आलं बाई एकदाचं ‘बाय’,” त्या म्हणाल्या आणि शिक्का नेहमीपेक्षा जोरात मारला.

संध्याकाळी मसुदेराव ताठ मानेनं घरी गेले. हुकूम आणि निवेदनाची प्रत दोन्ही टेबलावर ठेवली. लेकीनं निवेदन झडप घालून घेतलं आणि पहिल्या वाक्यापासून आईला मराठीत समजावून सांगत वाचलं. आग विझवली. नकाशे वाचवले. मुख्य लिपिक! “बाबा, सगळं अ‍ॅक्टिव्ह! एक चूक नाही!” ती टाळ्या वाजवायला लागली.

बायको टाळ्या वाजवत नव्हती. “मधलं एक वाक्य गाळलंस तू,” ती लेकीला म्हणाली. “सिक्स इयर्स असं काहीतरी आहे तिथे. ते काय सहा वर्षं?”

लेकीनं बाबांकडे बघितलं. बाबांनी छताकडे बघितलं. लेकीनं ते वाक्य सांगितलं.

बायको उठली. दोरीवरून वाळत घातलेले मोजे काढले, एकेक हात आत घालून बोटांनी टोकापर्यंत चाचपले. दोन्ही मोज्यांचं टोक अंड्याएवढं सैल झालं होतं. सहा वर्षांत ते कधी तिच्या लक्षात कसं आलं नाही, याचाच तिला जास्त राग आलेला दिसला.

“उद्यापासून,” ती शांतपणे म्हणाली, “घराबाहेर पडताना मोजे तपासले जातील.”

मसुदेरावांनी मान डोलावली. बाय हूम, हे विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. लेकीच्या बाईंचा तिसरा नियम आता त्यांना चांगला समजला होता.